कुत्र्याची किडनी बरी करतो म्हणून घरी येणाऱ्या माणसापासून सावध रहा (सोलापूर)

सोलापूरकरांनो, ज्यांच्या घरात म्हातारं किंवा आजारी कुत्रं आहे त्यांनी एवढं वाचाच. साधारण चाळिशीचा एक माणूस आहे, कपाळाला भंडारा, पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची पिशवी, बोलायला इतका गोड की शेजारीण म्हणाली आमच्याकडं पण पाठवा. मुक्या जिवांची सेवा करतो म्हणतो, पहिल्या दिवशी एक रुपया घेत नाही. आमच्याकडनं एकूण साडेअठरा हजार गेले. पैशाचं सांगतेच, पण त्याच्याआधी बाकीचं ऐका.

मी 66 वर्षांची, पोस्टात काउंटरवर बसून रिटायर झालेली बाई. खोट्या सह्या, दुसऱ्याची मनीऑर्डर घ्यायला आलेले भाचे-पुतणे, मेलेल्या माणसाची पेन्शन मागायला आलेली सून, सगळं बघितलंय. हे आधीच सांगते कारण कुणाला हे सांगितलं की पहिलं वाक्य तेच येतं, म्हाताऱ्या बाईला गाठलं वाटतं एकटीला. एकटी कुठली, घरात मुलगा बीकॉम, सून एमएस्सी, आणि त्या माणसाला चहा त्या दोघांनीही पाजलाय.

खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. मुलानं अकरा वर्षांपूर्वी एमआयडीसीतनं भर पावसात उचलून आणलेला, हळदीच्या रंगाचा, गावठीच. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळं नाव ठेवायला कुणाला विचारावं लागलं नाही. घरात त्याची ड्युटी ठरलेली होती. सोलापुरातल्यांना पाण्याचं काय सांगायचं, चार-पाच दिवसाआड येणार, ते पण रात्री दोनला का पहाटे चारला याचा नेम नाही. पाणी यायच्या आधी नळातनं हवा येते ना, फुसफुस आवाज होतो, तो खंड्याला सगळ्यात आधी कळायचा. मग तो सुनेच्या दारात जाऊन एकदाच भुंकायचा, ती उठली की परत येऊन माझ्या खाटेखाली झोपायचा. अख्ख्या गल्लीत मोटर लावायचा पहिला नंबर आमचा असायचा.

चंपाषष्ठीला आमच्यात भरीत-रोडग्याचा नैवेद्य, तळी भरायची, येळकोट म्हणायचं, आणि नैवेद्यातला घास कुत्र्याला द्यायचा. दरवर्षी खंड्या तळी उचलायच्या आधीच शेपूट हलवत बसलेला असतो. या वेळी रोडग्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. नातू म्हणाला आज्जी याला उपास आहे का. मला तिथंच कळलं काहीतरी बिनसलंय, कारण तोंडाला एक घाण वास पण येत होता दोन-तीन दिवस, आम्ही म्हणत होतो दात खराब झाले असतील.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कितपत चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, 4.6 आला, जो दीडच्या आत पाहिजे. त्यांनी नीट बसवून सांगितलं की आजी, हा आकडा वाढून दिसतो तोपर्यंत किडनीचं पाऊण काम गेलेलं असतं, ते परत येत नाही. जे उरलंय ते सांभाळायचं. एक दिवसाआड कातडीखाली सलाईन, दूध बंद, मटणाची हाडं बंद, भात आणि दुधीभोपळा, थोडं अंड्याचं पांढरं, उलटीची गोळी. चांगलं निभावलं तर काही महिने निघतील म्हणाले. सलाईन द्यायला सून शिकली. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची, मग तिथं उंटासारखं मदार येतं आणि दिवसभरात हळूहळू उतरतं. खंड्या हूं का चूं करायचा नाही. नातवानं त्या मदारीवर हात ठेवून बसायचं हे ठरलेलं.

आता खरी गोष्ट. सुनेनं आमच्या एरियाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं की कुणाच्या कुत्र्याला किडनीचा त्रास झालाय का, काय खायला देता. सोबत खंड्याचा फोटो, नाव, आणि कुठल्या चौकाजवळ राहतो ते पण. त्यानंतर आठवडा झाला नसेल, हा माणूस दारात. "खंड्या इथंच राहतो ना?" नावासकट! मला काय वाटलं असेल सांगा. रविवार होता, मी नुकतीच बाळे गावच्या खंडोबाचं दर्शन घेऊन आलेली, प्रसाद अजून पिशवीत.

खुर्ची दिली तर बसला नाही, जमिनीवर बसला. एका मोठ्या देवस्थानचं नाव घेतलं, मी तिथला सेवेकरी म्हणाला (ते नाव इथं लिहीत नाही, त्यांचा बिचाऱ्यांचा काही संबंध नाही). खंड्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाला हे तर देवाचं वाहन. मी लगेच बोलले की वाहन घोडा, कुत्रा देवाच्या बरोबर असतो. दुसरा कोणी असता तर गडबडला असता. यानं हात जोडले, म्हणाला, "आईसाहेब, जाणकार माणसं राहिलीत कुठं आता, तुमच्या पायाशी बसून शिकलं पाहिजे." म्हणजे चूक त्याची आणि मोठी झाले मी! असं पटाईत काम.

सहा काळ्या गोळ्या दिल्या, कागदात बांधून, फुकट. खाल्ल्या तर खाल्ल्या, नाही तर तुळशीत टाका म्हणाला. आणि तिसऱ्या दिवशी खंड्यानं भात खाल्ला. नुसता खाल्ला नाही, ताट चाटून पुसून काढलं आणि माझ्या भाकरीकडं बघत बसला. घरात दिवाळी. मुलगा दुकानातनं फोन करून विचारतोय काय खाल्लं, किती खाल्लं. त्याच संध्याकाळी तो माणूस हजर, बरोबर त्याच वेळी. त्याला माहीत होतं ना कधी फरक दिसतो ते.

पहिला कोर्स साडेचार हजार, रोख. प्लास्टिकची डबी, आधीचं लेबल नखानं खरवडून काढलेलं. आणि दोन अटी. सलाईन बंद करायचं, कारण गरम औषधाला थंड पाणी छेदतं. आणि डॉक्टरला सांगायचं नाही, ते कंपन्यांची माणसं असतात, गुण घालवतात. तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी चालेल, या दोन अटी लक्षात ठेवा. खरा वैद्य असो, डॉक्टर असो, आयुर्वेदवाला असो, आधी काय चालू आहे ते विचारतो, रिपोर्ट मागतो. यानं रिपोर्ट हातात पण धरला नाही. त्याला कुत्र्याच्या रक्ताशी काही घेणं नव्हतं, घरातलं कोण हो म्हणतंय एवढंच तो बघत होता.

मग खंड्या पाणी प्यायला लागला. म्हणजे किती, तर भांडं भरलं की रिकामं. आणि घरभर लघवी, दारात, देवघराच्या उंबऱ्यावर, जो कुत्रा आयुष्यात घरात कधी मुतला नाही. आधीच साठवलेलं पाणी, त्यात दिवसात चार वेळा फरशी पुसायची, सून रडकुंडीला आली. त्याला फोन केला तर काय म्हणाला माहितीये? "बघा, लघवी सुटली! किडनी चालू झाली!" आणि हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की एमएस्सीवाल्या सुनेनं पण मान डोलावली. दुसरा कोर्स नऊ हजार, भस्माचा म्हणे. तो पण रोख.

तिसरं मागणं देवाचं. एकवीस दिवस खंड्याच्या नावानं अभिषेक, पाच हजार, हे फोनवर पाठवा. क्यूआर पाठवला तर नाव भलतंच, बाईचं. मी विचारलं, काउंटरची सवय, नाव जुळत नाही म्हणून. बायकोचं खातं आहे म्हणाला. मुलानं पाठवून टाकले, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, दुकानात धंद्याचे दिवस, त्याला डोकं खाजवायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी अभिषेकाचा व्हिडिओ आला. पिंडीवर दूध पडतंय, भंडारा उधळला जातोय, मागनं आवाज, "खंड्या, खंड्या, आरोग्य दे." मी भक्तिभावानं बघितला, परत बघितला, आणि तिसऱ्यांदा बघताना मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर गेली. मोठ्या अक्षरात सप्टेंबर. आम्ही होतो जानेवारीत. व्हिडिओ जुना, आवाज नंतर वरनं चिकटवलेला.

तोपर्यंत इकडं खंड्याचं पोट फुगलं होतं, पाय बारीक झाले होते, रात्रभर धापा टाकायचा. संक्रांत झाली आणि त्याला काळी चिकट संडास सुरू झाली. त्या माणसाला सांगितलं तर "दोष बाहेर पडतोय, घाबरू नका, तिसरा कोर्स लागेल". त्यानंतर फोन बंद, आजपर्यंत बंद.

डॉक्टरांकडं नेलं. ते रागावले नाहीत, डबी मागितली. सुनेनं सांभाळून ठेवली होती म्हणून बरं. गोळी बघून म्हणाले पक्कं तर लॅबच सांगेल, पण ही लक्षणं स्टिरॉइडची आहेत. स्टिरॉइड दिलं की भूक लागते, तरतरी येते, तहान वाढते, लघवी वाढते, धाप लागते. किडनी चालू झालेली नसते, औषध लघवी काढायला लावत असतं. वरनं सलाईन बंद, त्यामुळं आतनं कोरडा पडत गेला. काळी संडास म्हणजे पोटात रक्तस्राव. क्रिएटिनिन 7.2 आलं. आणि आणखी एक, जे मला अजिबात माहीत नव्हतं. बरेच दिवस स्टिरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, म्हणून ते एकदम बंद पण करता येत नाही, हळूहळू उतरवावं लागतं. आणि गोळीत किती होतं हेच माहीत नाही तर उतरवणार कसं? डॉक्टर अंदाजानं करत होते, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं.

खंड्या महाशिवरात्रीच्या आधी गेला. तो जाणारच होता, हे मला पहिल्या रिपोर्टच्या दिवशीच कळलं होतं, त्याचं खापर मी त्या माणसावर फोडत नाही. पण जे काही महिने बऱ्यापैकी खात-पीत, खाटेखाली झोपून निघाले असते ते त्यानं नेले. शेवटी शेवटी नळ फुसफुसला तरी खंड्या उठायचा नाही, मी उठायचे.

मुलगा म्हणतो आता ते बाळ्याला जाणं कमी कर, देवाच्या नावानंच फसलो. मी म्हणते पोस्टाच्या नावानं कोणी खोटा कॉल केला तर मी पोस्टात जायचं सोडू का? रविवारी मी जाते. तिथं आलेल्या कुत्र्यांना बिस्किटं घालते. यावर आमच्या घरी रोज वाद होतो, होऊ दे.

तक्रारीचं थोडक्यात. 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, पैसे गेल्या गेल्या लावला तर समोरच्या खात्यात जे उरलं असेल ते गोठवायला मदत होते. आमचे पाच हजार जाऊन बरेच दिवस झाले होते, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढं काही नाही. रोख दिलेल्याचा तर कागद पण नाही. चौकीत तरुण पोलीस होता, आधी हसला, कुत्र्यासाठी एवढे पैसे? मग त्याच्या साहेबांनी ऐकून घेतलं, फसवणुकीचं कलम 420 आता 318 झालंय म्हणाले, अर्ज घेतला. आमच्या भाच्यानं 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा पण काढून वाचला. त्यात कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र केले तर गुन्हा आहे, पण आमच्या केसमध्ये रोगी कुत्राच, त्याचं त्यात कुठं बसवायचं ते भाच्याला पण सुचेना. हसावं का रडावं.

जनावरांवर इलाज करायला 1984 च्या पशुवैद्यक कायद्याप्रमाणं रजिस्ट्रेशन लागतं. घरी येणाऱ्याला सरळ विचारा, रजिस्ट्रेशन नंबर काय, गोळीचं नाव काय, लिहून द्या. लिहून द्या म्हटलं की अर्धे लोक तिथंच उठतात. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर सरकारी जनावरांचा दवाखाना आहे, तिथं न्या, लाजू नका, म्हशीच्या रांगेत कुत्रं घेऊन उभं राहिलं तर कोणी काही म्हणत नाही. आणि ग्रुपवर कुत्र्याचा फोटो टाका, खुशाल टाका, पण त्याखाली नाव आणि चौक नको.

जुळे सोलापूर साइडला असाच एक माणूस येऊन गेला असं भजनी मंडळातल्या एकीनं परवा सांगितलं, तिथं मात्र किडनी नाही, लकवा मारलेलं कुत्रं होतं. वर्णन तेच, पिशवी तीच. त्या घरातल्यांपैकी कोणी हे वाचत असाल तर घाबरून त्या गोळ्या एकदम बंद करू नका आणि फेकू पण नका. डबी तशीच घेऊन आजच डॉक्टरकडं जा.