बाह्यग्रह की फसवा संकेत: वस्तुमान मोजावे की संभाव्यतेवर निर्णय घ्यावा?

इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह, म्हणजे बाह्यग्रह, शोधण्यासाठी एप्रिल २०१८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या टेस या अवकाश दुर्बिणीच्या उमेदवारांची, म्हणजे ग्रह असू शकतील अशा संकेतांची, यादी सात हजारांच्या पुढे गेली आहे, आणि त्यांपैकी निर्विवादपणे ग्रह ठरलेले फारच थोडे आहेत. उरलेल्यांपैकी एखादा संकेत प्रकल्पासाठी निवडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे, प्राध्यापकापुढे किंवा हौशी निरीक्षक गटापुढे लवकरच एक निवड येते. ताऱ्याच्या वेगातील बदल मोजून त्या वस्तूचे वस्तुमान काढायचे, की इतर सर्व शक्यता गणिताने नगण्य ठरवून तो ग्रहच आहे असे मानायचे? पहिल्या मार्गाला मोठी दुर्बीण आणि स्थिर स्पेक्ट्रोग्राफ (ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागून त्यावरून वेग काढू देणारे उपकरण) लागतो, तर दुसरा एका संगणकावरही चालतो. केवळ सोयीपोटी दुसरा मार्ग निवडला जाऊ नये, म्हणून ही तुलना मांडत आहे.

अधिक्रमणातून, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्यातून, आपल्याला प्रत्यक्ष कळते ते एवढेच की ताऱ्याचा प्रकाश ठरावीक काळाने ठरावीक प्रमाणात घटतो. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर ही घट सुमारे १ टक्का असते आणि पृथ्वीएवढ्या ग्रहामुळे ती सुमारे ०.००८ टक्के असते. मात्र सर्वांत लहान ताऱ्यांची आणि तपकिरी बटूंची (ग्रहाहून जड, पण तारा होण्याइतक्या जड नसलेल्या वस्तूंची) त्रिज्याही साधारण गुरूएवढीच असते. २०१७ साली ईबीएलएम जे०५५५-५७ या प्रणालीत तर जवळपास शनीच्या आकाराचा, पण गुरूच्या सुमारे ८५ पट वस्तुमानाचा तारा सापडला. दुसरी फसगत शेजाऱ्यामुळे होते. शंभर पटींनी अंधुक असलेल्या एखाद्या ग्रहणकारी जोडताऱ्याचा (एकमेकांना आळीपाळीने झाकणाऱ्या दोन ताऱ्यांचा) प्रकाश मुख्य ताऱ्याच्या प्रकाशात मिसळला असेल, तर त्याचे ४० टक्क्यांचे ग्रहण आपल्याला ०.४ टक्क्याचे दिसते आणि ते नेपच्यूनपेक्षा मोठ्या ग्रहाचे अधिक्रमण वाटते. टेसच्या आधीच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या एका पिक्सेलची बाजू आकाशात सुमारे ४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) होती, तर टेसच्या पिक्सेलची २१ विकला आहे. म्हणजे टेसचा एक पिक्सेल सुमारे २८ पट क्षेत्र व्यापतो आणि त्यात शेजारी तारे सापडणे ही नित्याची गोष्ट आहे.

म्हणून कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी उपलब्ध प्रकाशवक्राची (काळानुसार बदलणाऱ्या तेजाच्या आलेखाची) तपासणी पुरी करावी. सम आणि विषम क्रमांकांच्या अधिक्रमणांची खोली वेगळी येत असेल, तर आपण ग्रहाचे नव्हे, दोन असमान ताऱ्यांचे एकमेकांमागे जाणे पाहत असतो आणि खरा आवर्तकाल दुप्पट असतो. घटीचा आकार सपाट तळाऐवजी टोकदार असेल तर ताऱ्याच्या कडेला घासून जाणाऱ्या दुसऱ्या ताऱ्याचा संशय घ्यावा. अधिक्रमणाच्या वेळी प्रकाशाचा मध्यबिंदू सरकत असेल तर घट शेजाऱ्याची आहे. या कसोट्या यांत्रिकपणे लावल्यास उलट चूकही होते. केप्लरच्या पहिल्या काही उमेदवारांपैकी केओआय-४.०१ दुय्यम ग्रहणामुळे (सोबती ताऱ्यामागे गेल्यावर होणाऱ्या लहान घटीमुळे) फसवा ठरवून बाजूला टाकला गेला होता. ताऱ्याची त्रिज्या पूर्वीच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक आहे हे पुढे स्पष्ट झाले, तेव्हा ते दुय्यम ग्रहण तप्त गुरूला, म्हणजे ताऱ्याच्या अगदी जवळ फिरणाऱ्या गुरूसारख्या ग्रहाला, साजेसे ठरले आणि २०१९ मध्ये तो केप्लर-१६५८बी म्हणून निश्चित झाला. ताऱ्याची त्रिज्या चुकली की पुढचे सर्व निष्कर्ष चुकतात, त्यामुळे ताऱ्यांची अंतरे मोजण्यासाठी सोडलेल्या गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून ती आधी पडताळून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

आता वस्तुमानाचा मार्ग. त्याची खरी ताकद अशी की अधिक्रमणाला जे मुळीच दिसत नाही ते तो मोजतो. काही दिवसांच्या कक्षेतील गुरूसारखा ग्रह आपल्या ताऱ्याला सेकंदाला दहा-वीस ते काहीशे मीटर वेगाने डोलवतो, तर त्याच कक्षेतील लहान तारा तोच वेग काही किलोमीटरवर नेतो. हा फरक दोन-तीन निरीक्षणांतही उघड होतो. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या माउंट अबू येथील १.२ मीटर दुर्बिणीवरील पारस स्पेक्ट्रोग्राफने टीओआय-४६०३ या ताऱ्याभोवतीच्या वस्तूचे वस्तुमान मोजले आणि ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिची त्रिज्या जवळपास गुरूएवढी, पण वस्तुमान गुरूच्या सुमारे १३ पट, म्हणजे ग्रह आणि तपकिरी बटू यांच्या सीमेवर आहे. प्रकाशवक्र कितीही उत्तम असला तरी केवळ त्यावरून ही गोष्ट कधीच कळली नसती.

या मार्गाची मर्यादा ताऱ्याच्या तेजात आहे. टीओआय-४६०३ नवव्या प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक), म्हणून १.२ मीटरच्या आरशावर हे काम झाले. पृथ्वी सूर्याला सेकंदाला केवळ ९ सेंटिमीटर वेगाने डोलवते, आणि अशा ग्रहासाठी तेरा-चौदाव्या प्रतीच्या ताऱ्यावर आज कोणतेही उपकरण पुरे पडत नाही. शिवाय वेगाचे मोजमापही डोळे झाकून स्वीकारता येत नाही. एचडी ४१००४ या जोडताऱ्यात ग्रहासारखा दिसलेला वेगबदल २००२ मध्ये तपासला गेला, तेव्हा वर्णरेषांचा (ताऱ्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचा) आकारही त्याच तालात बदलत असल्याचे आढळले, आणि तो संकेत अंधुक सोबत्याभोवती फिरणाऱ्या तपकिरी बटूचा ठरला. त्यामुळे वेगाबरोबर रेषांचा आकार तपासलेला नसेल, तर काम अर्धेच झाले आहे असे समजावे.

संभाव्यतेचा मार्ग वेगळ्या प्रश्नाला उत्तर देतो. या दिशेला किती तारे आहेत, त्यांपैकी किती जोडतारे असतील आणि कोणत्या रचनेतून अशाच आकाराची घट निर्माण होईल, हे मोजून तो ग्रहाच्या शक्यतेची इतर शक्यतांशी तुलना करतो. मे २०१६ मध्ये केप्लरचे १,२८४ ग्रह याच रीतीने एकदम जाहीर झाले. प्रत्येकाबाबत ग्रह असण्याची संभाव्यता ९९ टक्क्यांहून अधिक होती. एकाच ताऱ्याभोवती अनेक उमेदवार असतील तर हा युक्तिवाद फार बळकट होतो, कारण दोन स्वतंत्र फसवे संकेत एकाच बिंदूवर येणे दुर्मीळ असते. फेब्रुवारी २०१४ मधील ३०५ ताऱ्यांभोवतीचे ७१५ ग्रह याच तर्कावर मान्य झाले. लहान ग्रहांच्या बाबतीत या पद्धतीवर माझा विश्वास आहे, कारण वस्तुमानाची वाट पाहिली असती तर त्यांच्याविषयी आपल्याला जवळपास काहीच सांगता आले नसते.

मोठ्या उमेदवारांबाबत मात्र मी ती पुरेशी मानत नाही. केप्लर यानाच्या के२ या पुढच्या मोहिमेतील के२-५१बी, के२-६७बी आणि के२-७६बी हे तिन्ही अशाच गणिताने ग्रह ठरले होते. २०१७ मध्ये वेग मोजल्यावर ते कमी वस्तुमानाचे तारे निघाले. फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या सोफी स्पेक्ट्रोग्राफने केप्लरचे महाकाय उमेदवार अनेक वर्षे तपासले, आणि ४०० दिवसांपर्यंतच्या आवर्तकालाच्या उमेदवारांपैकी सुमारे ५५ टक्के फसवे असल्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये मांडला.

आणखी एक धोका आकाशात नसून उपकरणात असतो. केप्लर-४५२बी हा ३८५ दिवसांच्या कक्षेतील, सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह म्हणून २०१५ मध्ये गाजला. परंतु केप्लर यान दर तिमाहीला स्वतःभोवती वळत असे आणि त्यामुळे सदोष पिक्सेलवर तोच तारा वर्षाने पुन्हा येई. परिणामी एका वर्षाच्या आसपासच्या आवर्तकालाचे खोटे संकेत मोठ्या संख्येने निर्माण झाले. गणितात जोडताऱ्यांच्या शक्यता तपासल्या होत्या, पण ही घट ताऱ्याकडून आलेलीच नसण्याची शक्यता पुरेशी धरली नव्हती, हा आक्षेप २०१८ मध्ये नोंदवला गेला. मोजक्या तीन-चार उथळ अधिक्रमणांवर आधारलेल्या कोणत्याही उमेदवाराला तो लागू पडतो.

या दोन मार्गांच्या मध्ये एक काम आहे, ज्याला दुय्यम समजू नये. लहान ग्रहाचे ०.०५ टक्क्याचे अधिक्रमण जमिनीवरून छोट्या दुर्बिणीत दिसणार नाही, पण त्याच क्षेत्रातील अंधुक शेजाऱ्याचे ४० टक्क्यांचे ग्रहण सहज दिसते. अपेक्षित वेळी सर्व शेजारी स्थिर राहिले, तर संशयितांची मोठी यादी त्या एका रात्रीत संपते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवलीतील २ मीटर दुर्बिणीसारखे साधन तर याहून बरेच पुढे जाऊ शकते, कारण वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून घेतलेली खोली बदलत असेल तर ग्रहण ताऱ्याचे आहे हे तिथेच ठरते.

तेव्हा निवड अशी करावी. उमेदवार गुरूच्या आकाराचा असेल तर, ही संभाव्यता काढणाऱ्या ट्रायसेराटॉप्ससारख्या संगणकप्रणालीने कितीही अनुकूल आकडा दिला तरी, किमान दोन वेगमापनांशिवाय त्याला ग्रह म्हणू नये. तारा दहाव्या प्रतीपेक्षा तेजस्वी असेल तर माउंट अबूच्या दुर्बिणीसाठी प्रस्ताव करणे हेच योग्य पहिले पाऊल आहे. उमेदवार नेपच्यूनपेक्षा लहान आणि तारा अंधुक असेल तर शेजाऱ्यांची तपासणी आणि उच्च विभेदनाची (अगदी जवळचे तारेही वेगळे दाखवणारी) प्रतिमा आधी मिळवावी, आणि मगच गणित करावे. ट्रायसेराटॉप्सच्या रचनाकारांनी त्यासाठी एकूण फसवेपणाची संभाव्यता १.५ टक्क्यांखाली आणि शेजारी ताऱ्यामुळे असण्याची ०.१ टक्क्याखाली असावी, अशी मर्यादा घातली आहे. या मर्यादा गाठल्यावरही शोधनिबंधात ‘संभाव्यतेने प्रमाणित’ असेच लिहावे आणि वस्तुमानाचा रकाना रिकामा ठेवावा. त्रिज्येवरून अंदाजलेले वस्तुमान तिथे भरले, तर पुढचा संशोधक ते मोजलेले समजून त्यावर घनतेचे आणि वातावरणाचे निष्कर्ष उभारतो.