आधी कोश की आधी पातळ पुस्तके?

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला इतिहास-भूगोलाचे पुस्तक भेट द्यायचे ठरले, की दुकानात दोन वाटा दिसतात. एकीकडे गुळगुळीत कागदावर छापलेला, साऱ्या जगाची माहिती एका बांधणीत देणारा सचित्र कोश. दुसरीकडे एकेका किल्ल्यावर, नदीवर किंवा जंगलावरची तीस-चाळीस पानांची पातळ पुस्तके. एका कोशाच्या किमतीत अशी चार-पाच पुस्तके बहुधा येतातच. म्हणून प्रश्न खर्चाचा कमी आणि आधी हाती काय पडावे याचा अधिक आहे.

कोशाची खरी ताकद चित्रांत असते. ज्वालामुखीचा उभा छेद किंवा जलचक्राचे दुपानी चित्र जे दाखवते, ते घरी नुसत्या शब्दांनी समजावता येत नाही. मात्र मराठीतले बरेच कोश इंग्रजीवरून आलेले असतात आणि भूगोलाच्या पानांवर ते लगेच उघडे पडते: ऋतूंच्या चित्रांत बर्फ आहे, पानगळ आहे, पावसाळ्याचा मात्र पत्ता नाही. याउलट गोदावरीवरचे चांगले पुस्तक त्र्यंबकेश्वरपाशी सुरू होते आणि मुलाला थेट कोड्यात टाकते, की अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना ही नदी पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर दूर बंगालच्या उपसागराकडे का जाते. उत्तरासाठी सह्याद्रीची पश्चिमेकडची उभी कड आणि पूर्वेकडचा मंद उतार नकाशावर बोट फिरवून पाहावा लागतो. ते एकदा उमगले, की कृष्णा आणि भीमा पूर्वेकडे का वळतात हे निराळे सांगावे लागत नाही.

इतिहासात कोश फारच तोकडा पडतो, कारण मराठ्यांच्या वाट्याला त्यात आलाच तर एखादा परिच्छेद येतो. पण म्हणून कोणतेही पातळ चरित्र उचलावे, असे नाही. पुष्कळ चरित्रांत लेखकाने रचलेले संवाद खरे घडल्यासारखे येतात, आणि मुलाला त्यातला फरक कोणी सांगत नाही. मी पुरंदरच्या तहाचे पान उघडून पाहतो. १६६५ च्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना २३ किल्ले दिले आणि १२ राखले, एवढे बहुतेक पुस्तकांत असते. मोगल सेनापती मिर्झाराजांचा वेढा, किल्लेदार मुरारबाजीचे धारातीर्थी पडणे आणि देणे भाग पडल्याची कारणे लेखकाने सरळ मांडली आहेत, की लाजून गुंडाळली आहेत, हे तेथे कळते. सभासदाची बखर, म्हणजे महाराजांचे जुने चरित्र, महाराजांच्या निधनानंतर १७ वर्षांनी, १६९७ मध्ये, जिंजीस लिहिली गेली, इतकी साधी गोष्ट ज्या पुस्तकात असते, त्याचा वाचक पुढे प्रत्येक हकिकतीला ‘हे कशावरून?’ असे विचारू लागतो. अशा प्रश्नांनी घरातली मोठी माणसे अधूनमधून अडचणीत येतात, हेही कबूल केले पाहिजे.

पर्यावरणाच्या बाबतीत मात्र माझे मत पातळ पुस्तकांच्या विरुद्ध झुकते. त्यांतली निम्मी पाने झाडे लावा, पाणी वाचवा अशा घोषणांनी भरलेली असतात, आणि त्यापेक्षा कोशातले अन्नसाखळीचे एक चित्र बरे. अपवाद प्रत्यक्ष पाहायला लावणाऱ्या पुस्तकांचा. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा डोंगरउतार एकदम जांभळा होतो आणि बी धरून ती झुडपे वाळून जातात. हे वाचलेले मूल पुढच्या फुलोऱ्याला आपण कितवीत असू याचा हिशेब मांडते.

त्यामुळे सहलींना जाणाऱ्या, एका विषयात रमणाऱ्या मुलासाठी मी आधी नदी आणि किल्ल्यावरची पातळ पुस्तके घेईन. सलग न वाचता पाने चाळत बसणाऱ्या मुलासाठी कोश, पण त्यासोबत भिंतीवर महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा हवाच. मुलाचा कल अजून कळलेला नसेल, तर पैसे खर्च करण्याआधी ‘किशोर’ मासिक हाती द्यावे. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. दोन-तीन अंकांत मूल कोणत्या पानावर थांबते, एवढे पाहून मग दुकानात जावे.