जुनं कौलारू घर घेतलंय: सगळं करून राहायला जावं, की राहता राहता करावं?

खरेदीखत झालं, किल्ली हातात आली आणि त्याच संध्याकाळी दोन सल्ले येऊन पडले. मेव्हण्याचा फोन आला, "एकदाच काय तो खर्च करा, सगळं चकाचक होऊ दे, मगच सामान हलवा. राहत्या घरात गवंडी म्हणजे डोक्याला ताप." आणि शेजारचे आबा गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) उभं राहून म्हणाले, "आधी एक पावसाळो काढा. मगे काय मोडूचा आसात ता मोडा."

घर कुडाळ तालुक्यातलं, वय सत्तरीच्या पुढे. मातीत बांधलेल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे लोटा म्हणजे ओसरी, मागे पडवी, आणि भर दुपारीही दिवा लावावा लागेल अशी वळई, म्हणजे आतली खोली. आम्ही आबांचं अर्धं ऐकलं. योगायोग असा की पलीकडच्या वाडीत पुण्याच्या एका जोडप्याने त्याच मोसमात जवळपास तसंच घर घेतलं आणि मेव्हण्याच्या वाटेने गेले. सगळं काम आधी, राहायला नंतर. आता तीन पावसाळे झालेत. कोणाचं काय चुकलं आणि काय साधलं ते दोघांनाही पुरतं कळलंय, म्हणून हे लिहितोय.

आधी कॅलेंडर बघा, कारण निम्मा निर्णय तेच करतं. कोकणात बांधकामाचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत चालतो. त्यात शिमगा आला की मिस्त्री आपापल्या मांडावर, म्हणजे उत्सवाच्या जागी, फोनसुद्धा उचलत नाहीत. आंबा काढणीला लागला की गडी बागेत. पावसाळ्यात चिरेखाणी बंद. म्हणजे तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत घर घेतलं असेल तर हातात जेमतेम तीन महिने उरतात, आणि एवढ्यात 'सगळं' होत नाही. पुण्याच्या जोडप्याने एप्रिलमध्ये छप्पर उघडलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाने गाठलं तेव्हा अर्ध्या घरावर निळी ताडपत्री होती आणि भिंतींचा माथा दोन दिवस भिजत होता. मातीत बांधलेल्या भिंतीचा माथा भिजणं म्हणजे काय, ते त्यांना पुढच्या वर्षी कळलं. वरचे तीन थर उतरवून परत रचावे लागले.

घर दिवाळीच्या सुमारास हातात आलं असेल तर मेव्हण्याचा सल्ला चालण्यासारखा आहे.

छप्पर: कौलं, पत्रा की स्लॅब

खरी तुलना इथे आहे, कारण हा निर्णय एकदा झाला की फिरवता येत नाही.

सगळ्यात आधी वजनाचा हिशोब मांडतो. कोणी सांगत नाही म्हणून. 100 चौरस फुटांना मंगलोरी कौलं लागतात साधारण 140. एकेक सव्वादोन-अडीच किलोचं, म्हणजे सुमारे सव्वातीनशे किलो. पावसात भिजली की आणखी जड. तेवढ्याच जागेवर अर्धा मिलिमीटरचा रंगीत पत्रा घातला तर चाळीसेक किलो. आणि 5 इंचाचा स्लॅब टाकला तर जवळपास 3 टन. जुन्या भिंतीने सत्तर वर्षं कौलांचा भार वाहिलाय, तिच्या डोक्यावर नऊ-दहा पट ओझं ठेवायचं का, हा प्रश्न आहे. मातीत बांधलेल्या चिऱ्यावर स्लॅब टाकूच नये. कोणी "आतून कॉलम उभे करू" म्हणाला तर ते नवीन घरच झालं. त्याचा पाया, खर्च आणि परवानगीचे कागद सगळं वेगळं धरा, दुरुस्तीच्या यादीत दडपू नका. जुनं पाडून नवं बांधायचं असेल तर तसं सरळ ठरवा, त्यात काही गैर नाही.

उरतात कौलं आणि पत्रा. इथे माझा कल कौलांकडे आहे, पण पत्र्याची बाजूही मांडतो, कारण गावातले लोक हौसेने पत्रा घालत नाहीत. वांदरं येतात. एक टोळी सकाळी कौलांवरून नाचून गेली की दहा-बारा कौलं फुटलेली, आणि भर जुलैत वर चढायला माणूस मिळत नाही. शिवाय दरवर्षी आगोटीला, पावसाच्या तोंडावर, घर शाकारायचं, म्हणजे कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत लावायची. हे काम येणारी माणसं कमी झालीत. मुंबईत राहून वर्षातून दोनदा घर उघडणार असाल तर पत्रा घाला, मला वाईट वाटणार नाही.

मात्र कायम राहणार असाल तर विचार करा. पत्र्याखाली एप्रिलची दुपार काढणं कठीण, आणि जुलैत मोठी सर आली की समोरासमोर बसलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही. कौलांच्या फटींतून घर श्वास घेतं, चुलीचा धूर निघून जातो. एक-दोन काचेची कौलं बसवली की अंधाऱ्या वळईत चक्क वाचता येतं. पत्र्यात पारदर्शक तुकडा टाकता येतो, पण तो तापतो आणि काही वर्षांत पिवळा पडतो.

आता वारा. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलंही उडाली आणि पत्रेही. फरक असा की उडालेलं कौल अंगणात पडून फुटतं, पत्रा मात्र सुटला की कुठे जाऊन कोणाला कापेल सांगता येत नाही. 2021 च्या मेमधल्या 'तौक्ते'नंतर आमच्याकडचे मिस्त्री वळचणीच्या दोन ओळी आणि कोने तारेने बांधून घ्यायला सांगतात. बांधा, खर्च किरकोळ आहे. पत्रा घातला तर प्रत्येक हुक वाश्यापर्यंत (छपराच्या तिरक्या दांड्यापर्यंत) जातोय की नुसता रिपेत (वाश्यांवरच्या आडव्या पट्टीत) अडकलाय, ते स्वतः शिडीवर चढून बघा.

कौलं ठेवायची की नाही हे शेवटी कौलं ठरवत नाहीत, खालचं लाकूड ठरवतं. खळ्यात, म्हणजे अंगणात, लांब उभं राहून आढ्याची (छपराच्या माथ्यावरच्या तुळईची) रेघ बघा. मधे झोळ दिसला तर वरच्या कौलांवर पैसे घालून उपयोग नाही. मग आत या आणि वाश्याचं जे टोक भिंतीत बसलंय तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. वासा मधोमध धडधाकट दिसतो, कुजतो तो टोकाला. आमच्या घरात सागवानी आढं ठणठणीत निघालं, पण पश्चिमेच्या पाखीतले (छपराच्या उतारातले) नऊ वासे टोकाला भुसभुशीत होते. एकात तर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला आणि आतून वाळवीची ओलसर माती गळली. ते नऊ बदलले, रिपा सगळ्या नव्या घातल्या, आणि कौलं मात्र जुनीच धुऊन परत चढवली. मागच्या पडवीवर पत्रा टाकला, कारण फणस तिकडेच आहे आणि वांदरांची ये-जा त्याच फांदीवरून.

छपराचं काम, जे काही ठरेल ते, राहायला जाण्याआधीच करा. यात आम्ही आणि पुणेकर दोघंही एकमत आहोत. डोक्यावरून वर्षानुवर्षांची माती, उंदरांची घरटी आणि कधीमधी एखादा विंचू पडत असताना खाली संसार मांडता येत नाही.

भिंती: इथे आबांचं खरं

पुणेकरांच्या ठेकेदाराने आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं, वर पुट्टी, वर महागडा रंग. मे महिन्यात घर इतकं सुंदर दिसत होतं की आमच्या घरात दोन दिवस भांडण झालं. ऑगस्टमध्ये त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीला हाताच्या पंजाएवढे फोड आले. बोटाने दाबलं की पुट्टीचा पापुद्रा सुटून येई आणि मागे पांढरा लोणा, म्हणजे क्षार.

कारण साधं आहे. जांभ्याचा चिरा सच्छिद्र. जोत्यातून ओल वर चढते, बाहेरून झडीचं पाणी लागतं, आणि दिवाळीनंतर तीच ओल हळूहळू बाहेर पडून भिंत सुकते. माती आणि चुना तिला वाट देतात. सिमेंट आणि प्लास्टिकसारखा रंग ती वाट बुजवतात. पाणी आत येतच राहतं, बाहेर जायला जागा नाही, मग ते रंगच ढकलून देतं.

आम्ही पहिल्या वर्षी भिंतींना हात लावला नाही. शहाणपणाने नव्हे, पैसे छपरात संपले होते म्हणून. दिसायला घर भयाण होतं, पाहुणे यायचे आणि "हळूहळू होईल" म्हणून धीर देऊन जायचे. पण त्या पावसाळ्यात कळलं की ओल सगळ्या भिंतींना नाही, दोनच भिंतींना आहे. आणि त्यातल्या एकीला ती जमिनीतून नव्हे तर पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचल्यामुळे येत होती. तिथे गटार काढलं, उताराने पाणी परसात सोडलं. पुढच्या वर्षी ती भिंत कोरडी राहिली. प्लास्टर केलं असतं तर हे कधीच कळलं नसतं. मग बाहेरचा चिरा उघडाच ठेवून चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) भरून घेतल्या आणि आतून चुन्याचा गिलावा केला. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायलाच दोन महिने गेले, तेही सांगून ठेवतो.

वायरिंग, संडास, वाळवी: इथे मेव्हण्याचं खरं

आमची मोठी चूक वायरिंगची. दोन खोल्यांचं केलं, वळईचं 'नंतर बघू' म्हणून ठेवलं. नंतर म्हणजे पलंग चार वेळा हलवला, नवा गिलावा दोन ठिकाणी फुटला आणि बायकोने आठवडाभर फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. सगळं वायरिंग एकदम आणि आधीच करा. मातीत बांधलेल्या भिंतीत खाचा मारत बसू नका, चिरे हलतात. वरून केसिंग पट्टी दिसली तर दिसू दे. अर्थिंग नव्याने, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), पंप आणि गीझरला वेगळी लाइन. त्याआधी मीटर आणि घरपट्टी आपल्या नावावर करून घ्या, भार वाढवायचा अर्ज मग अडत नाही.

संडास जुन्या घरांत परसात, तीस-चाळीस पावलांवर. जुलैतल्या रात्री छत्री आणि बॅटरी घेऊन तिकडे जायची हौस एकदाच पुरते. घराला लागून करा, पण खड्डा विहिरीपासून किमान 50 फूट आणि तिच्यापेक्षा उताराला, खालच्या बाजूला. जांभ्यातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही.

वाळवीचं औषधही घर रिकामं असतानाच. जोत्याकडेने भोकं पाडून सोडतात, वास दिवसेंदिवस राहतो. विहीर जवळ असेल तर त्या बाजूला अजिबात नको.

जमिनीबद्दल थोडक्यात. पुणेकरांनी सगळीकडे गुळगुळीत टाइल्स घातल्या, पावसाळ्यात त्यांना घाम फुटतो आणि आजी घसरते. आमच्याकडे लोट्यावर कोबा आणि आत शहाबादी. एका खोलीत अजून शेणाचं सारवण आहे, कारण ते कोण दर आठवड्याला करणार यावर घरात निर्णय झालेला नाही. घाईचं काम हे नव्हे.

ठेका की रोज

'सगळं आधी' म्हटलं की आपोआप ठेका येतो, कारण तुम्ही तिथे नसता. नव्या बांधकामाला ठेका ठीक. जुन्या घरात कौलं उतरवल्याशिवाय वासे कळत नाहीत, त्यामुळे ठेकेदार एकतर भीतीपोटी आकडा फुगवतो, नाहीतर कुजका वासा दिसला तरी वरून कौल घालून मोकळा होतो. पुणेकरांच्या बाबतीत दुसरं झालं. आम्ही छपराचं काम रोजावर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर दिलं, सामान स्वतः आणलं. त्यासाठी मला सात आठवडे मांगरात (आवारातल्या शेतीच्या खोपटात) राहावं लागलं, चुलीवर चहा आणि संध्याकाळी विहिरीवर अंघोळ. सुट्टी मिळत नसेल तर रोजाच्या वाटेला जाऊच नका. मिस्त्री कितीही भला असला तरी मालक नसलेल्या साइटवर दिवस लांबतात.

लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल, दिवाळीपासूनचा मोसम हातात असेल आणि पहिल्या वर्षाचं दुसरीकडचं भाडं परवडत असेल, तर उशिरा राहायला जा. पण तेव्हाही भिंतींचं आतलं-बाहेरचं काम एका पावसाळ्यानंतरच काढा, घर रिकामं ठेवावं लागलं तरी चालेल. दोघंच असाल आणि गैरसोयीवर एकमेकांवर न चिडता हसता येत असेल, तर छप्पर, वायरिंग, संडास आणि वाळवी एवढं उरकून जून उजाडायच्या आत राहायला या.

आणि येताना खडूचा एक डबा आणा. पहिल्या पावसाळ्यात ओल भिंतीवर जिथपर्यंत चढेल तिथे रेघ ओढून तारीख घाला. गळणाऱ्या जागेखाली जमिनीवर फुली मारा. दिवाळीनंतर आमचा गवंडी आला तेव्हा मी त्याला काही समजावून सांगितलंच नाही. तो कंदील घेतल्यासारखी बॅटरी धरून वळईत फिरला, '14 जुलै'च्या रेघेपाशी थांबला, बाहेर जाऊन बरोब्बर तिथलं जोतं खणायला लागला.