गांडुळाची प्रतिकृती : सुबक, पण जात चुकलेली

अकरावीच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेल्या या प्रतिकृतीत पोटाकडील मज्जारज्जू आणि पाठीकडील रक्तवाहिनी वेगळ्या रंगांत इतक्या स्पष्ट दाखवल्या आहेत की, विच्छेदन न करताही विद्यार्थ्यांचा नेहमीचा गोंधळ मिटतो. मूळ चूक मात्र जातीची आहे. खोक्यावर आपल्याकडील ‘फेरेटिमा पोस्थुमा’ हे नाव छापलेले असले, तरी आत युरोपातील ‘लुंब्रिकस’ आहे. क्लायटेलम, म्हणजे अंड्यांचे कोश तयार करणारा जाडसर पट्टा, शरीराच्या १४ ते १६ या वलयाकार खंडांऐवजी ३२ ते ३७ मध्ये दिसतो आणि हृदयांच्या ४ जोड्यांऐवजी ५ आहेत. अन्न भरडणारी पेषणीही आठव्या खंडात नाही. मुलांना परीक्षेत नेमके हेच आकडे लिहावे लागतात, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ही प्रतिकृती दोन जातींच्या तुलनेपुरतीच वापरावी, असे मी आग्रहाने सुचवेन.