नाताळचं जेवण हॉटेलात की घरी? सोलापुरातल्या दोन्ही ताटांची पारख

सोलापुरात नाताळचं खरं जेवण दुपारचं. २५ तारखेची सकाळची उपासना होते, चर्चच्या अंगणात भेटीगाठी होतात, माणसं बाराच्या सुमारास घरी पोचतात आणि एक-दीडला पंगत बसते. हॉटेलांचा नाताळ मात्र संध्याकाळी उजाडतो. सजावट, गाणी, खास मेनू हे सगळं २४ च्या आणि २५ च्या रात्रीसाठी असतं. २५ ला दुपारी गेलात तर बहुतेक ठिकाणी रोजचंच मेनूकार्ड हातात येतं, आणि आतला आचारी आदल्या रात्रीच्या गर्दीतून नुकता मोकळा झालेला असतो. हॉटेल की घर, हे ठरवण्याआधी दुपारी जेवायचंय की रात्री ते ठरवा. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

आमचं मत आधीच सांगतो. मटण घरचंच. अख्खी भाजलेली कोंबडी आणि मोठा केक बाहेरून आणायला हरकत नाही. सगळ्या कुटुंबाने हॉटेलात जायचंच असेल तर दुपारी मटण-भाकरीच्या हॉटेलात जावं, नाहीतर रात्री बफेला, तेही दार उघडताच.

बफेपासून सुरुवात करू. होटगी रोडच्या किंवा स्टेशनच्या बाजूच्या मोठ्या हॉटेलांत साधारण एकच साचा दिसतो: एक सूप, तीन-चार स्टार्टर, पास्त्याचा काउंटर, चिकनच्या दोन ग्रेव्ह्या, पनीर, बिर्याणी, गुलाबजाम, आइस्क्रीम आणि शेवटी केक. मुलं खूश असतात. एकाच टेबलावर शाकाहारी आणि मांसाहारी दोघं निवांत जेवतात, आणि भांडी घासायची नसतात. हे फायदे खरे आहेत. अडचण मटणाची आहे. ते महाग, शिजायला वेळखाऊ, आणि खालून बर्नर लावलेल्या चकचकीत भांड्यात दोन तास ठेवलं की बिघडतं. रस्सा आटत जातो, मीठ चढतं, तेल कडेला जमतं आणि मसाल्यावर पापुद्रा धरतो. झाकण उचलल्यावर वाफ आली नाही आणि कडेला तेलाचं वर्तुळ दिसलं, तर तो पदार्थ सोडून द्या. गरम ठेवलेलं अन्न ६० अंशांच्या वर असायला हवं. कोमट भांड्यात चवीपेक्षा पोटाचा धोका मोठा. रायतं आणि मेयोनीजचं सॅलड बर्फावर ठेवलंय का, तेही बघा.

वेळ साधली तर बफे चांगला लागतो. साडेसात-आठला काउंटर उघडतो तेव्हाची पहिली खेप सर्वात चांगली. बिर्याणी वाढून घेताना वरवरचा भात ओढू नका. तो कोरडा झालेला असतो आणि तूप-मसाला तळाशी असतो. डाव उभा घालून तळापर्यंत न्या आणि एक उभा थर उचला. तंदुरी चिकन भांड्यातलं घेऊ नका, सळईवरून उतरलेलं मागा. पाच मिनिटं थांबावं लागतं, पण वाफ धरून मऊ पडलेलं चिकन आणि नुकतं उतरलेलं चिकन यांत फार फरक आहे.

बुकिंग करताना चार गोष्टी फोनवरच विचारून घ्या. सांगितलेल्या दरात जीएसटी धरलाय का? साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के असतो, महागड्या खोल्या असलेल्या हॉटेलांत १८ टक्के लागू शकतो. सर्व्हिस चार्ज लावणार आहेत का? तो ऐच्छिक आहे, नको म्हटलं तर बिलातून काढावा लागतो. मुलांचा अर्धा दर कोणत्या वयापर्यंत? आणि सर्वात महत्त्वाचं, मेनूत ‘चिकन/मटण’ असं तिरकी रेघ मारून लिहिलं असेल तर त्या रात्री नेमकं काय आहे? त्या रेघेचा अर्थ बहुधा चिकनच निघतो.

मटण-भाकरीच्या हॉटेलांची गोष्ट निराळी. सोलापूरची खरी ताकद तिथे आहे. सुकं मटण, काळ्या मसाल्याचा रस्सा, कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा-लिंबू. नाताळ म्हणून तिथे काही वेगळं मिळत नाही, पण दुपारी हॉटेलातच जेवायचं असेल तर याहून चांगला पर्याय दिसत नाही. सकाळी चढवलेलं मटण साडेबारा-एकला ऐन भरात असतं. दोननंतर गर्दी वाढते तसा रस्सा वाढवला जातो. ओळख सोपी आहे: वाटीत वर तर्री आणि खाली पाणी असे दोन थर दिसले, कडक भाकरी कुस्करून टाकली आणि मसाला तुकड्यांना न धरता वाटीच्या तळाशी बसला, तर पातेल्यात पाणी पडलंय. नीट जमलेल्या रस्स्यात कडक भाकरीचे तुकडे बाहेरून मऊ होतात, आत किंचित कुरकुरीत राहतात, आणि प्रत्येक तुकड्यावर मसाला दिसतो.

आता घर. दहा माणसांसाठी अडीच किलो मटण पुरतं: दीड किलो बिर्याणीला, एक किलो रस्स्याला. शिजताना वजन जवळपास तिसरा हिस्सा घटतं, त्यात हाडंही आली, म्हणून माणशी पाव किलो हा हिशोब जास्त वाटत असला तरी तसा नाही. २५ ला सकाळी दुकानावर रांग असते. २४ ला सकाळीच आणा. बिर्याणीला मागच्या पायाचे आणि खांद्याचे मोठे तुकडे, रस्स्याला चाप, नळी, मान असं वेगवेगळं बांधून मागा. सगळं एकत्र तोडून घेतलं तर बिर्याणीत बारीक हाडं येतात.

रस्स्यासाठी मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवा आणि अळणी पाणी बाजूला काढा. लहान मुलांना तेच भातावर देता येतं. किलोभर मटणाच्या वाटणाला तीन मध्यम कांदे, शंभर ग्रॅम सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, लसणाची एक गड्डी. कांदा आणि खोबरं वेगवेगळं भाजा, कारण कांद्याला वेळ लागतो आणि तोवर खोबरं करपतं. करपलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा नंतर काही केल्या जात नाही. वाटण तेलात परता, तेल सुटलं की आच कमी करून तीन मोठे चमचे काळा मसाला घाला. मग अळणी पाणी घालायचं, आणि ते उकळतं असावं. गार पाणी पडलं की तर्री बसते आणि रस्सा गढूळ दिसतो. शेंगदाण्याचं कूट दोन चमचे, अगदी शेवटी. आधी टाकलं तर तळाला धरतं आणि सगळ्या रस्स्याला लागल्याचा वास येतो.

हा रस्सा २४ च्या संध्याकाळी करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. फक्त तो पातेल्यात तसाच ओट्यावर रात्रभर ठेवू नका. डिसेंबरातली सोलापूरची थंडी फ्रीजचं काम करत नाही. पसरट भांड्यांत ओता, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये घाला, आणि २५ ला खळखळून उकळा.

बिर्याणी चुकते ती बहुतेक घड्याळापायी. कच्च्या मटणावर भात लावून दम द्यायचा तर लक्ष ठेवायला माणूस हवा, आणि त्या वेळी सगळे उपासनेला असतात. म्हणून नाताळला पक्की पद्धत बरी. दीड किलो मटणाला तीनशे ग्रॅम घट्ट दही, सहा मोठ्या कांद्यांचा तळलेला कांदा (अर्धा वर घालायला ठेवा), आलं-लसूण, पुदिना, कोथिंबीर, गरम मसाला. रात्री ते जवळजवळ पूर्ण शिजवून घ्या, गार करून फ्रीजमध्ये. सकाळी निघण्याआधी कांदा, केशर-दूध, पुदिना काढून ठेवा. परत आल्यावर सव्वा किलो बासमती अर्धा तास भिजवा आणि तेवढ्यात मटण गरम करा. तांदूळ खारट उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटं, दाणा दाबल्यावर मधे कण लागेल इतपतच. थर लावा, कणकेने झाकण बंद करा, खाली तवा ठेवा. पाच मिनिटं मोठी आच, मग वीस-पंचवीस मिनिटं बारीक. फ्रीजमधलं थंड मटण तसंच तळाशी घातलं तर सगळा वेळ ते गरम होण्यात जातो आणि वरचा भात कच्चा राहतो. सर्वात जास्त वेळा होणारी चूक हीच. आच बंद केल्यावर दहा मिनिटं झाकणाला हात लावू नका. मग कडेची कणीक सुरीने सोडवून झाकण उचललं की पुदिना आणि तुपाची वाफ आधी येते. हॉटेलच्या बफेत हे कधीच मिळत नाही, कारण तिथली हंडी स्वयंपाकघरात फुटलेली असते.

अख्ख्या कोंबडीच्या बाबतीत मात्र घर मागे पडतं. पहिली अडचण दुकानातच येते. आपल्याकडे कोंबडी सोलूनच देतात, आणि चामडी नसेल तर भाजताना छाती कोरडी पडते. ‘चामडीसकट, अख्खी, सव्वा किलोची’ असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. दुसरी अडचण जागेची. २८-३० लिटरच्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) एकच कोंबडी नीट बसते, दहा माणसांना दोन लागतात, म्हणजे दोन फेऱ्या. तेवढ्यात पहिली गार होते. चार-पाच जणांचं घर असेल तर जरूर करा. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ या हिशोबाने कोंबडी बुडेल इतक्या पाण्यात फ्रीजमध्ये आठ तास ठेवा, मग पुसून कोरडी करा. चामडीखाली लसूण-मिरपूड घातलेलं पन्नास ग्रॅम लोणी चोळा आणि पोटात लिंबू ठेवा. अर्धा तास फ्रीजबाहेर ठेवून २०० अंशांवर वीस मिनिटं, नंतर १८० वर चाळीस-पंचेचाळीस. मांडीच्या जाड भागात टोचल्यावर रस स्वच्छ यायला हवा, थर्मामीटर असेल तर ७४ अंश. हाडाजवळचा लालसरपणा बघून घाबरू नका. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग पूर्ण शिजल्यावरही दिसतो. रस आणि तापमान यांवर भरवसा ठेवा. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं कापू नका, नाहीतर सगळा रस ताटात जातो.

बाहेरून मागवताना ‘रोस्ट’ म्हणजे काय ते विचारा. अनेक ठिकाणी ती तंदुरात भाजून लोण्यात परतलेली कोंबडी असते. तंदुराला आठशे-नऊशे ग्रॅमची लहान कोंबडीच चालते, मोठी घातली तर बाहेरून काळी आणि आत कच्ची निघते. चव चांगली असते, पण ती सोललेली, चिरे दिलेली, दही-मसाल्याची असते. ओव्हनमधली चामडीवाली हवी असेल तर दोन-तीन दिवस आधी, वजन सांगून नोंदवा.

केकचं म्हणाल तर बाजारातल्या बऱ्याच ‘प्लम केक’मध्ये टुटीफ्रुटी जास्त आणि सुका मेवा नावाला असतो. काप मधोमध तोडून बघा: बेदाणे सगळीकडे विखुरलेले हवेत, तळाशी गोळा झालेले नकोत. घरी करायचा तर आपल्या जिल्ह्यासारखी सोय नाही. पंढरपूर तालुक्यातला चांगला बेदाणा हाताशी आहे. तो खजूर आणि काजूबरोबर संत्र्याच्या रसात निदान दोन दिवस फ्रीजमध्ये भिजवा, निथळून थोड्या मैद्यात घोळवा म्हणजे बुडणार नाही, आणि १५० ते १६० अंशांवर सव्वा ते दीड तास भाजा. बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणणाऱ्यांनी केकचं मिश्रणही तसंच नेण्याआधी विचार करावा. बेकिंग पावडर ओली झाली की काम सुरू करते, रांगेत तासभर गेला तर केक फुगत नाही. नानकटाईचं पीठ थांबू शकतं, फक्त तूप वितळू देऊ नका.

करंज्या, शंकरपाळे, चकल्या हा फराळ घरचाच हवा. हॉटेलात तो मिळतच नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातावर नाताळ तोच ठेवतो.

पैशाचा हिशोब असा. मटण ७५० रुपये किलो धरलं तर अडीच किलोचे १,८७५. सव्वा किलोच्या दोन कोंबड्या २६० रुपये दराने ६५०. तांदूळ १५०, दही-कांदा-तेल-तूप-मसाला-भाकरी ६००, किलोभर केक ५००. एकूण ३,७७५, म्हणजे माणशी पावणेचारशेच्या आसपास. बफेचा दर ९०० धरला तर ५ टक्के जीएसटीसह दहा जणांचे ९,४५०. फरक दुपटीहून जास्त आहे. पण घराच्या बाजूला दोन गोष्टी खर्चात धरायला हव्यात: २४ ची अख्खी संध्याकाळ, बहुतेक घरांत एकाच बाईची, आणि पाणी. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. नाताळ पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी आला तर दहा माणसांची भांडी आणि तेलकट हंड्या धुवायला टाकीत काय उरलंय, ते २३ लाच बघा. टाकी तळाला असेल तर रस्सा घरी करा आणि बिर्याणी हंडीने मागवा.

शेजारच्या घरातून येणाऱ्यांचाही विचार हवा. नाताळ कधी मार्गशीर्षात येतो, कधी पौषात. मार्गशीर्षातला गुरुवार पडला तर वहिनी-काकू मांसाहाराच्या ताटाजवळ बसणार नाहीत. बफेत त्यांनाही पूर्ण दर पडतो आणि वाट्याला पनीर येतं. घरी त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात, सर्वात आधी, भरली वांगी, कडक भाकरी आणि शेंगापोळी करा. हुरडा सुरू झाला असेल तर तो आणि चटणी ठेवली तरी ताट भरतं.

बाहेरून मटण आणायचंच झालं तर सुकं आणि रस्सा वेगळा बांधून घ्या, घरचा डबा न्या आणि घरी आल्यावर रस्सा एकदा उकळा. बिर्याणी प्लास्टिकच्या डब्यात मागू नका. झाकणावरचं पाणी भातावर पडून वरचा थर चिकट होतो. मातीच्या हंडीतली मागा आणि एकनंतरचीच वेळ द्या. बाराला सांगितलेली हंडी तुम्ही उपासनेहून परतेपर्यंत दारात गार झालेली असते.