हवा होता २५६, मिळाला १२८: प्री-ऑर्डरच्या फोनचे आठ महिने

हा फोन हातात येऊन आता आठ महिने झाले. फोन चांगला आहे. स्क्रीन, वेग, फोटो याबद्दल माझी काही तक्रार नाही आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते प्री-ऑर्डरबद्दल. स्टॉक कमी आहे म्हणून घाईघाईत जे बटण दाबलं, ते मी आजही रोज निस्तरतेय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या फोनबाबत होऊ शकतं.

आधी माझी गरज सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी पोहायला शिकवते. आठवड्यातून दोन दिवस मुलांचे स्ट्रोक व्हिडिओवर घेते आणि नंतर त्यांना बसवून सावकाश दाखवते. हात पाण्यात कुठल्या कोनात शिरतो, कोपर कधी पडतं, श्वास घेताना मान किती वळते, हे तोंडी कितीही सांगितलं तरी स्वतःला बघितल्याशिवाय मुलांना पटत नाही. त्यासाठी मला ४के, म्हणजे खूप स्पष्ट चित्राचा व्हिडिओ आणि सेकंदाला ६० फ्रेम लागतात. नाहीतर हाताच्या जागी नुसता पांढरा फराटा दिसतो.

जुना फोन चार वर्षांचा होता. चार्जिंगचं पोर्ट इतकं ढिलं झालं होतं की केबल डावीकडे दाबून धरायची, तिच्याखाली घडी केलेला कागद सरकवायचा आणि वरचं विजेचं चिन्ह दिसेपर्यंत हात काढायचा नाही. शिवाय ३० टक्के चार्जिंग असताना कॅमेरा उघडला की फोन बंद. जुन्या बॅटरीत हे होतंच. आतला रोध वाढलेला असतो, कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. आकडा ३० दाखवतो, पण तेवढी ताकद त्या बॅटरीत त्या क्षणाला नसते.

म्हणून नवीन मॉडेल जाहीर झालं तेव्हा पहिल्याच दिवशी बुक करायचं ठरवलं. हवा होता २५६ जीबी स्टोरेजचा, गडद निळा.

बुकिंग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी मी लॅपटॉपवर आणि धाकटा भाऊ त्याच्या फोनवर असे दोघंही बसलो. पत्ता भरलेला, कार्ड जोडलेलं. वेळ झाली, पान उघडलं, निळा २५६ कार्टमध्ये पडला, मी पैसे भरायला गेले आणि बँकेने व्यवहार नाकारला. माझ्या कार्डाची ऑनलाइन खर्चाची मर्यादा फोनच्या किमतीपेक्षा कमी होती. ती कधीकाळी मीच सुरक्षेसाठी कमी करून ठेवली होती. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मर्यादा वाढवली, ओटीपी आला, परत पानावर आले. सगळं मिळून सहा मिनिटं. तोवर २५६ समोर ‘स्टॉक संपला’.

मला वाटत होतं, कार्टमध्ये टाकलं म्हणजे तो फोन आपल्या नावावर राहिला. तसं नसतं. बहुतेक ठिकाणी पैसे भरून ऑर्डरचा क्रमांक आला की मगच नग तुमच्यासाठी धरला जातो. तोपर्यंत तो सगळ्यांचाच.

आणि ‘स्टॉक कमी’ म्हणजे सगळ्या फोनांचा एक मोठा ढीग आणि तो लहान, असंही नाही. चार रंग आणि तीन स्टोरेज धरले तर एकाच मॉडेलचे बारा वेगवेगळे प्रकार होतात. पहिल्या खेपेत कुठल्या प्रकाराचे किती नग बनवायचे हे कंपनी आधीच अंदाजाने ठरवते. नवीन मॉडेलची जुळणी सुरुवातीला सावकाश चालते, एखादा नवीन भाग पुरेसा मिळत नाही, आणि ज्या प्रकाराचा अंदाज चुकला तो आधी संपतो. २७ ऑक्टोबर २०१७ ला आयफोन एक्सची प्री-ऑर्डर उघडली तेव्हा काही मिनिटांतच नव्या ऑर्डरींना पाच-सहा आठवड्यांची मुदत दिसायला लागली होती. पुढे उत्पादन वाढलं तशी ती मुदत कमी होत गेली. मला हे तेव्हा कोणी शांतपणे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगायला भाऊ होता, पण मी ऐकलं नाही.

तो म्हणाला, “ताई, थांब. महिन्याभरात परत येईल स्टॉक.”

मी म्हटलं, “अरे, हा फोन महिनाभर टिकायचा नाही. आणि १२८ पण संपला तर?”

“मग संपू दे. तुला १२८ पुरणार आहे का, ते सांग.”

पानावर ‘थोडेच शिल्लक’ लाल अक्षरांत दिसत होतं. मी काळा १२८ घेतला. रंगाचं मनाला लावून घेतलं नाही, कव्हरमध्ये कोण बघतंय. पण स्टोरेजच्या बाबतीत त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नव्हतं.

ऑर्डर झाली, पूर्ण रक्कम लगेच कापली गेली. काही कंपन्या रक्कम फक्त अडवून ठेवतात आणि फोन पाठवताना घेतात. इथे तसं नव्हतं, आणि ते मी आधी वाचायला हवं होतं. त्यानंतर ‘पाठवण्याची तयारी सुरू’ ही एकच ओळ नऊ दिवस. तारीख दोनदा पुढे गेली. ग्राहक सेवेत दर वेळी सौम्य आवाजात तेच उत्तर मिळायचं. बाकीच्यांचे फोन हातात पडायला लागले त्यानंतर १९ दिवसांनी माझा आला. तोवर मी त्याच जुन्या फोनवर, त्याच कागदाच्या घडीवर. म्हणजे ज्या घाईसाठी १२८ घेतला ती घाईही भागली नाही. आणि २५६ चा निळा? तो बुकिंगनंतर चार आठवड्यांनी परत उपलब्ध झाला.

आता वापराचं सांगते.

डब्यावर १२८ जीबी लिहिलेलं असतं ते एक जीबी म्हणजे १००० एमबी या हिशेबाने. दर पायरीला १००० ऐवजी १०२४ धरून मोजलं तर ते ११९ भरतात. त्यातून सिस्टीम आणि आधीच टाकलेली ॲप्स वजा जाऊन पहिल्या दिवशी माझ्याकडे ९७ मोकळे होते. ४के ६० फ्रेमचा व्हिडिओ कमी जागेत बसवणाऱ्या नव्या एचईव्हीसी पद्धतीने साठवला तरी मिनिटाला सुमारे ४०० एमबी खातो. माझं एका दिवसाचं चित्रीकरण साधारण २० मिनिटांचं, म्हणजे ८ जीबी. दोन दिवसांचे १६. सहा आठवड्यांत फोन भरला. भरला म्हणजे अगदी तरणतलावाच्या काठावर, मुलगी उडी मारायच्या ब्लॉकवर उभी, मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर ‘जागा अपुरी आहे’. ती बिचारी वाकलेल्या स्थितीत थांबून माझ्याकडे बघत होती. मी ओल्या अंगठ्याने जुने व्हिडिओ पुसत होते आणि ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी फोन लॅपटॉपला जोडून सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवते. माझ्या मॉडेलचं पोर्ट यूएसबी २.० च्या, म्हणजे जुन्या संथ वेगाचं आहे, त्यामुळे १६ जीबी उतरायला आठ-नऊ मिनिटं लागतात. वेळेचं इतकं काही नाही. पण एखाद्या मुलाचा तीन महिन्यांपूर्वीचा स्ट्रोक आणि आजचा शेजारी-शेजारी दाखवायचा असला की तो काठावर, त्याच क्षणी हाताशी नसतो, आणि माझ्या कामात तोच क्षण मोलाचा असतो. २५६ मध्ये तेरा आठवडे सहज राहिले असते. मेमरी कार्डाची सोय या फोनला नाही. क्लाउडवर टाकता येतात, पण दर आठवड्याला १६ जीबी वर चढवायचे आणि त्याचं भाडं वर्षानुवर्षं द्यायचं, हे मला परवडत नाही.

फोन अगदी काठोकाठ भरला की मंदावतो, हेही मी अनुभवलं. फोनमधल्या फ्लॅश स्टोरेजला नवीन काही लिहायला आधी मोकळे ब्लॉक लागतात. ते नसले की जुनं हलवून जागा करत बसावं लागतं. मी आता १५ जीबी कायम रिकामे ठेवते, म्हणजे माझा १२८ आणखीच लहान झाला.

स्टोरेज निवडणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. कधी कधी लहान स्टोरेजच्या मॉडेलमध्ये स्टोरेजची चिपही वेगळी असते. २०२३ च्या गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीला यूएफएस ३.१ या प्रकारची स्टोरेज चिप होती आणि २५६ ला त्याहून वेगवान यूएफएस ४.०. जाहिरातीत दोन्हींचं नाव एकच. प्री-ऑर्डरच्या त्या सहा मिनिटांत हे कोणाला शोधायला सुचणार?

सुरुवातीच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. डबा उघडल्या उघडल्या मोठं अपडेट आलं. पहिले दोन महिने उन्हात चित्रीकरण केलं की बाराव्या-तेराव्या मिनिटाला फोन तापून स्क्रीन अंधारायची आणि रेकॉर्डिंग थांबायचं. व्हिडिओत आवाजही किंचित मागे राहायचा, पाण्यावर हात आपटलेला आधी दिसायचा आणि मग ऐकू यायचा. तिसऱ्या महिन्याच्या अपडेटने आवाज पूर्ण सुधारला, तापणं बरंच कमी झालं. पहिल्या खेपेतल्या गिऱ्हाइकाला हे सोसावं लागतं. माझं सोसणं किरकोळ म्हणायचं. २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ ज्यांनी पहिल्या दिवसांत घेतला त्यांना बॅटरी पेट घेते म्हणून फोन परत करावा लागला, बदलून मिळालेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद झालं.

कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास पहिले दोन आठवडे कुठेच नीट मिळाले नाहीत. जे पहिलं कव्हर मिळालं त्याचं कॅमेऱ्याचं भोक अर्धा मिलिमीटर चुकलेलं, फोटोच्या कोपऱ्यात काळी कड यायची. फोन आयपी६८ आहे, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाची ती श्रेणी त्याला मिळाली आहे, पण ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. क्लोरीनच्या पाण्याची हमी त्यात येत नाही, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. त्यामुळे मी तो आजही पाण्यात घालत नाही, काठावरूनच वापरते.

प्री-ऑर्डरवाल्यांना इयरबड मोफत होते. त्यांचा दावा करायची शेवटची तारीख सगळ्यांना एकच होती. माझा फोन उशिरा आल्यामुळे माझ्या हातात फक्त पाच दिवस उरले. बिलाचा फोटो आणि आयएमईआयचा, म्हणजे फोनच्या ओळखीचा १५ आकडी क्रमांक लागला. तो स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केलं की स्क्रीनवर येतो. इयरबड मिळाले, चांगले आहेत, आई वापरते.

पाचव्या महिन्यात किंमत उतरली आणि भावाने तोच फोन घेतला. २५६, निळा, मी दिले त्यापेक्षा कमी पैशांत. त्याच्या फोनात दुरुस्त सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून, कव्हर निवडायला ढीगभर. दोन्ही फोन शेजारी ठेवून मी बारकाईने पाहिलं. बटणं, काच, वजन, कॅमेरा, कशातच फरक नाही. इयरबड तेवढे त्याला मिळाले नाहीत. किमतीचं मला तितकंसं लागलं नाही. पहिला आयफोन २९ जून २००७ ला विक्रीला आला आणि ५ सप्टेंबरला त्याच्या ८ जीबी मॉडेलची किंमत एक तृतीयांशाने कमी केली. लोक इतके चिडले की कंपनीला आधीच्या ग्राहकांना दुकानात वापरायला काही रक्कम परत द्यावी लागली. लवकर घेणारा जास्त मोजतो, ते मला आधीपासून मान्य होतं. त्याच्या फोनात १८० जीबी मोकळे दिसले तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं.

मग मी स्वतःला विचारलं, त्या रात्री मला थांबता का आलं नाही? नव्या फोनाची ओढ फारशी नव्हती. जुना फोन कधी दगा देईल याची धास्ती होती. आणि त्यावर इलाज होता. नवी बॅटरी आणि नवं पोर्ट, तासाभराचं काम. ते केलं असतं तर फोन आणखी सहा महिने सहज चालला असता आणि ‘थोडेच शिल्लक’ची लाल अक्षरं मी नुसती वाचून सोडून दिली असती. बॅटरी बदलली की लोक थांबतात, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. ॲपलने २०१८ मध्ये बॅटरी बदलण्याचा दर बराच खाली आणला होता. २ जानेवारी २०१९ ला गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात तेव्हाचे ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी नवे आयफोन अपेक्षेपेक्षा कमी विकले गेल्याची जी कारणं दिली त्यात स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख होता.

बॅटरीवरून आठवलं. माझ्या या फोनच्या सेटिंगमध्ये आज २११ चार्ज सायकल (पूर्ण चार्जिंगच्या फेऱ्या) दिसतात आणि क्षमता ९७ टक्के. दिवस आरामात जातो. फोन मी विकणार नाही, निदान तीन वर्षं वापरणार आहे, रविवारच्या आठ-नऊ मिनिटांसकट.

पुढच्या महिन्यात ह्यांना हवं असलेलं मॉडेल येतंय, प्री-ऑर्डरची तारीखही लागली आहे. गेल्या आठवड्यात आम्ही ह्यांच्या तीन वर्षांच्या फोनची बॅटरी बदलून आणली आणि घरी येऊन कार्डाची मर्यादा वाढवली. कागदावर एकच ओळ लिहून लॅपटॉपला चिकटवली आहे: ५१२ असेल तर घ्यायचा, नसेल तर पान बंद.