हॉट हेड टॉर्च: नक्षीच्या मण्यांसाठी कितपत कामाची?

काच ज्योतीत वितळवून टिपक्यांचे आणि पिसाच्या नक्षीचे मणी करायला शिकायचे असेल तर हॉट हेड ही गॅसची टॉर्च बिनधास्त घ्यावी. मोठाले मणी किंवा बोरोसिलिकेट (वितळायला जास्त आच लागणारी) काच डोक्यात असेल तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

ही अमेरिकी टॉर्च थेट गॅसच्या छोट्या सिलिंडरवर आट्यांनी बसते आणि ज्वलनाला लागणारी हवा बाजूच्या भोकांतून स्वतःच ओढते. ऑक्सिजन लागत नाही, त्यामुळे नॉर्टेलची मायनर (गॅस नि ऑक्सिजन दोन्हींवर चालणारी टॉर्च) आणि सोबत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) या जोडीच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ. प्रोपेनवर चालते, पण पिवळ्या सिलिंडरातल्या मॅप-प्रो गॅसवर ज्योत जास्त गरम मिळते. (मूळ मॅप गॅसचं उत्पादन अमेरिकेत 2008 मध्येच थांबलं, मॅप-प्रो म्हणजे मुख्यतः प्रोपिलीन.) आवाज मोठा आहे. लहान सिलिंडर सलग वापरला की गार पडतो, दाब उतरतो आणि ज्योत मलूल होते. दोन सिलिंडर आलटून पालटून वापरणं हाच त्यावर इलाज.

काच 104 सीओईची घ्या (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा), म्हणजे इटलीतल्या मुरानोची एफेत्रे किंवा तिच्याशी जुळणारी. 90 किंवा 96 ची काचेची कांडी त्यात मिसळली तर दोन्ही काचा कमी-जास्त आकसतात आणि मणी थंड झाल्यावर तडकतो. मणी ज्यावर गुंडाळायचा ती 2.4 मिलिमीटरची स्टीलची सळई, मणी नंतर सुटून यावा म्हणून लावतात त्या लेपात बुडवून पूर्ण वाळवा. लेप ओला राहिला तर ज्योतीत पापुद्रे सुटतात आणि मणी सळईवर गरागरा फिरू लागतो.

खरी मेख ज्योतीत कुठे काम करायचं यात आहे. टॉर्चच्या तोंडाजवळ ऑक्सिजन अपुरा असतो. तिथे काच धरली की पांढरा नि हस्तिदंती रंग करडा पडतो, टर्क्वॉइजमधल्या तांब्यामुळे वर विटकरी साय धरते. टॉर्चच्या तोंडापासून सात-आठ सेंटिमीटर पुढे सरका. कांडी आधी ज्योतीच्या पार लांबच्या टोकाला हलवत तापवा, नाहीतर तिचे तुकडे टेबलभर उडतात.

नक्षीसाठी कांडीचं टोक वितळवून, ज्योतीबाहेर काढून, पाकाची तार निघते तशी एक-दीड मिलिमीटरची तार ओढा. टिपका ठेवताना तार ज्योतीच्या जरा खाली, मणी ज्योतीच्या कडेला. आधी समोरासमोर दोन टिपके, मग त्यांच्या मधोमध दोन. म्हणजे अंतर आपोआप सारखं येतं. टिपका टेकवून तारेचा दुवा ज्योतीनेच तोडा. तो नुसता टेकलेला राहिला आणि बुडाशी खाच उरली तर पुढे कधीतरी टिचकन निघून येतो. पिसासाठी टिपके सपाट वितळवा, मणी ज्योतीबाहेर घ्या, वरचा थर जरा घट्ट होऊ द्या, मग फक्त ओढायची जागा तापवून स्टीलच्या सुईने खेचा. अख्खा मणी गरम असेल तर रेघेऐवजी मणीच ओढला जातो. हॉट हेडची संथ आच इथे चक्क फायद्याची ठरते: टिपका पसरण्याआधी हाताला वेळ मिळतो. मायनरवर नवख्याचा टिपका बघता बघता विरघळून जातो.

पण मणी दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला की हीच आच कमी पडते. एक बाजू तापेपर्यंत दुसरी गार होते आणि तडा जातो.

टॉर्चसोबत भट्टीचा खर्च धरलाच पाहिजे. व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या दाण्यांत) पुरलेला मणी नुसता हळू थंड होतो, त्यातला ताण जात नाही. 510 अंश सेल्सिअसला तासभर, मग तासाला 55-60 अंशांच्या वेगाने 370 पर्यंत, पुढे भट्टी बंद. एवढं केलं तर लहान मणी टिकतात. डिडिमियमचा चष्माही हवाच. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा झगमगाट तो गाळतो, त्याशिवाय टिपका कुठे बसतोय तेच दिसत नाही. खोलीत धूर बाहेर खेचणारा पंखा लावा.

भारतात मागवणार असाल तर सिलिंडरचं आधी बघा. हिच्या आट्या अमेरिकी डिस्पोजेबल सिलिंडरच्या आहेत, घरगुती एलपीजीच्या सिलिंडरला बसत नाहीत. आणि स्वयंपाकाचा रेग्युलेटर दाब इतका उतरवतो की ही टॉर्च त्यावर धड चालणारच नाही. रेग्युलेटर काढून नळी जोडायचा जुगाड कोणी सुचवला तर त्याला हात जोडा.